वेग, वळण आणि विवेक : दुचाकी शर्यतींचे सामान्य रस्त्याला धडे

महाराष्ट्रात आज दुचाकी पोहोचलेली नाही असे गाव क्वचितच आढळेल. दूध संकलन केंद्रावर किटल्या घेऊन येणारा शेतकरी, आडगावच्या शाळेवर जाणारे शिक्षक, वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या आरोग्यसेविका, तालुक्याच्या बैठकीला निघालेले सरपंच या सर्वांचे ते रोजचे वाहन आहे. तरुणांच्या दृष्टीने तर ते केवळ वाहन नसून हौस, पराक्रम आणि स्वातंत्र्य यांचे प्रतीकच आहे. या हौसेची दुसरी बाजू मात्र विचार करावयास लावणारी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी शेकडा ४४ हून अधिक व्यक्ती दुचाकीवरील होत्या. शिरस्त्राण, म्हणजेच हेल्मेट, न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. महाराष्ट्रात त्या वर्षी अपघातांत मृत्यू पावलेल्यांची संख्या पंधरा हजारांहून अधिक भरली.

तरुणांना वेगाचे आकर्षण असते, हे नाकारून उपयोग नाही. त्या आकर्षणाला वळण कसे द्यावे, हा खरा प्रश्न आहे. दुचाकींची शर्यत म्हणजे बेफामपणा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात शंभर वर्षांहून अधिक काळ ज्यांनी शर्यती चालविल्या, त्यांनी नियम, साधने आणि शिक्षण यांवर जितका भर दिला तितका सामान्य रस्त्यावर क्वचितच दिला जातो. या इतिहासाचा परिचय करून देणे आणि त्यातून आपल्या रस्त्यांसाठी काय घेता येईल हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मॅन बेटावरील शर्यत

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात मॅन नावाचे एक लहानसे बेट आहे. ब्रिटिश राजसत्तेच्या छत्राखाली असले तरी या बेटाची स्वतःची विधिसभा आहे. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारगाड्यांना ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची वेगमर्यादा घालण्यात आली होती आणि सार्वजनिक रस्ते शर्यतीसाठी बंद ठेवण्यास ब्रिटिश पार्लमेंटची अनुमती नव्हती. मॅन बेटाच्या विधिसभेने मात्र १९०४ मध्ये कायदा करून ठरावीक काळ रस्ते बंद ठेवून शर्यत घेण्याची तरतूद केली. या कायद्यामुळे जगातील एका अत्यंत प्रसिद्ध शर्यतीचा जन्म झाला.

मोटारसायकलींची पहिली शर्यत या बेटावर २८ मे १९०७ रोजी झाली. तिचे नाव ‘टूरिस्ट ट्रॉफी’, म्हणजे प्रवाशांचे स्मृतिचिन्ह असे ठेवण्यात आले आणि हे नाव अर्थपूर्ण होते. सामान्य प्रवाशाला उपयोगी पडेल असे भरवशाचे वाहन तयार व्हावे, हा शर्यतीमागील उद्देश होता. म्हणून प्रत्येक वाहनाला बसण्याची योग्य बैठक, चिखलपत्रे आणि आवाज कमी करणारी नळी असणे आवश्यक होते. एका सिलिंडरच्या वाहनाने एका गॅलनमध्ये ९० मैल जावे, अशी इंधनाचीही अट होती. आपल्या हिशेबाने हे प्रमाण लिटरला सुमारे ३२ किलोमीटर होते. एका सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर याने ‘मॅचलेस’ मोटारसायकलवर ताशी सुमारे ६१ किलोमीटरच्या सरासरी वेगाने विजय मिळविला. आज आपल्या जिल्हामार्गावर कोणतीही साधी दुचाकी हा वेग सहज गाठते. यावरून आपल्या हाती किती शक्ती आली आहे, याची कल्पना यावी.

१९११ मध्ये शर्यत स्नेफेल पर्वतावरून जाणाऱ्या ६०.७ किलोमीटरच्या मार्गावर नेण्यात आली. चढ आला आणि एकाच गतीच्या पट्टाचालित वाहनांचे दिवस भरले. त्या वर्षीच्या मुख्य शर्यतीत ‘इंडियन’ या मोटारसायकलींनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. नाव इंडियन असले तरी ही कंपनी अमेरिकेतील होती. तिच्या वाहनांना साखळी होती आणि दोन गतींचा गिअर होता. आज घाट चढताना आपण सहज गिअर बदलतो. त्या सोयीला शर्यतीतील अशा अनुभवांमुळेच चालना मिळाली. पुढे १९५९ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने याच बेटावर प्रथम भाग घेतला आणि दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, तिच्या वाहनांवर माइक हेलवूड याने दोन गटांत विजय मिळविले. छोट्या, काटकसरी आणि टिकाऊ इंजिनांची जी परंपरा नंतर आशियाभर पसरली, तिची कसोटी अशा शर्यतींतून लागली होती.

या गौरवाबरोबरच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पर्वतमार्गावर आजपर्यंत अडीचशेहून अधिक स्पर्धकांना प्राण गमवावे लागले आहेत. रस्ता दगडी भिंती, घरे आणि दिव्यांचे खांब यांच्यामधून जातो. चूक झाली तर सावरण्यास जागा उरत नाही. १९७२ मध्ये इटलीचा गिल्बेर्तो पार्लोत्ती येथे मरण पावला. त्यानंतर त्याचा देशबंधू आणि अनेक वेळचा जगज्जेता जाकोमो अगोस्तिनी याने या मार्गावर पुन्हा न धावण्याचा निर्णय घेतला. १९४९ पासून जागतिक अजिंक्यपद मालिकेत असलेली ही शर्यत १९७६ नंतर त्या मालिकेतून वगळण्यात आली. शर्यत अद्याप होते, २०२३ मध्ये पीटर हिकमन याने तेथे ताशी सुमारे २१९ किलोमीटर सरासरीचा फेरा नोंदविला. परंतु जगातील सर्वोत्तम चालकांपैकी अनेकांनी बंद रस्त्यावरही हा धोका पत्करण्यास नकार दिला, ही गोष्ट आपल्या तरुणांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

तेथील शिस्तीची एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रथमच भाग घेणारा स्पर्धक कितीही निष्णात असला तरी त्याला आरंभीच पूर्ण वेगाची मुभा मिळत नाही. त्याला आधी अनुभवी चालकाच्या मागून नियंत्रित वेगाने मार्ग दाखविला जातो आणि तो नवखा आहे हे इतरांना कळावे म्हणून त्याच्या अंगावर नारिंगी रंगाचे जाकीट असते. आपल्याकडे नवी मोटारसायकल हाती आली की तिसऱ्या दिवशी तरुण घाटात उतरतो. दोन दृष्टींतील हे अंतर पुष्कळ काही सांगून जाते.

शिरस्त्राणाची कथा

शिरस्त्राणाची सक्ती प्रथम कोणी केली, असे विचारल्यास बहुतेकजण पोलिसांचे किंवा शासनाचे नाव घेतील. वस्तुतः या बाबतीत पुढाकार शर्यतवाल्यांनी घेतला. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथील शर्यतीच्या मार्गावर वैद्यकीय अधिकारी असलेल्या डॉ. एरिक गार्डनर यांना डोक्याच्या दुखापती वारंवार आढळत. त्यांनी कापड आणि लाख यांचे कठीण शिरस्त्राण तयार करविले आणि १९१४ च्या मॅन बेटावरील शर्यतीत ते सर्व स्पर्धकांना सक्तीचे करण्यात आले.

सामान्य रस्त्यावर हा विचार पोहोचण्यास मात्र फार काळ गेला. १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स हे प्रसिद्ध इंग्रज लेखक आणि सेनाधिकारी मोटारसायकलच्या अपघातात मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स हे होते. पुढे युद्धकाळात केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमधील रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेल्या व्यक्ती मृत्युमुखी पडल्याची नोंद त्यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश सेनेने आपल्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सर्वसामान्य नागरिकांसाठी तेथे सक्ती आली ती १९७३ मध्ये. म्हणजे शर्यतीत जे १९१४ मध्ये पटले, ते रस्त्यावर यावयास एकोणसाठ वर्षे लागली.

आपल्या देशात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १२९ अन्वये शिरस्त्राण बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्ती या कलमाच्या कक्षेत आली. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. मागे बसणारी व्यक्ती यातून सुटत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. शिरस्त्राण भारतीय मानक ४१५१ प्रमाणे प्रमाणित असावे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा. पट्टा न बांधलेले शिरस्त्राण पहिल्याच आघातात डोक्यावरून निघून जाते आणि त्याचा असून नसल्यासारखाच उपयोग होतो.

वेग आणि अंतर यांचे गणित

वेग दुप्पट झाला की थांबण्यास दुप्पट अंतर लागेल, असे सामान्यपणे वाटते. हे खरे नाही. ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर हे अंतर चौपट होते. त्यात चालकाला धोका दिसून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा काळ मिळवावा लागतो. सावध चालकालाही त्यासाठी सुमारे एक सेकंद लागतो.

कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणि चांगल्या ब्रेकच्या साहाय्याने दर सेकंदाला वेग सेकंदास सहा मीटरने कमी होतो असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी पहिल्या सेकंदात ११ मीटर जाते आणि ब्रेकनंतर १० मीटरांत थांबते. एकूण २१ मीटर. ताशी ६० किलोमीटरला हे आकडे १७ आणि २३, एकूण ४० मीटर असे होतात. ताशी ८० किलोमीटरला २२ आणि ४१, म्हणजे एकूण ६३ मीटर. पावसात पकड निम्मी झाली असे मानले तर ६० च्या वेगालाही ६३ मीटर लागतील.

आता कल्पना करा, ४० मीटरवर एखादे मूल चेंडूमागे रस्त्यावर धावत आले. ६० च्या वेगाने येणारा चालक त्या मुलाच्या अलीकडे कसाबसा थांबेल. ८० च्या वेगाने येणारा त्याच क्षणी ब्रेक दाबूनही मुलापर्यंत पोहोचेल तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर असेल. वीस किलोमीटरच्या प्रवासात या जादा वेगाने वाचतात ती फक्त पाच मिनिटे. पाच मिनिटांची ही किंमत कोणी मोजावी, याचा विचार प्रत्येकाने करावा.

ब्रेकविषयी एक गैरसमज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, म्हणून केवळ पायाचा ब्रेक वापरावा, असे नवशिक्याला शिकविले जाते. वास्तविक ब्रेक लावताच वाहनाचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे पुढच्याच चाकाची पकड वाढते आणि थांबविण्याचे बहुतेक काम तेच करते. मागचे चाक हलके झाल्याने लवकर घसरते. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू जोर वाढवीत आणि वाहन सरळ असताना लावणे, ही योग्य रीत होय. खडी, रेती किंवा शेणामातीने निसरड्या झालेल्या जागी मात्र पुढच्या ब्रेकचा वापर अतिशय हलक्या हाताने करावा.

वळणाचे शास्त्र

दुचाकी वळते ती झुकून. किती झुकावे लागेल हे वेग आणि वळणाची त्रिज्या यांवरून ठरते. ३० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किलोमीटर वेगाने घेताना वाहन सुमारे २३ अंश झुकते. तेच वळण ६० च्या वेगाने घ्यावयाचे झाल्यास ते सुमारे ४३ अंश झुकावे लागेल. शर्यतीच्या मार्गावर खास टायरांवर हे शक्य असते. माळशेज किंवा आंबोलीच्या घाटात ओल्या रस्त्यावर ते पडण्याचे निमंत्रण ठरते.

शर्यतपटूंची रीत अशी की, वेग कमी करावयाचा तो वळणाच्या आधी, वाहन सरळ असताना. वळणात वेग स्थिर ठेवावयाचा आणि पुढचा रस्ता मोकळा दिसू लागला म्हणजेच तो वाढवावयाचा. टायरची पकड मर्यादित असते. ती वळण्यासाठी खर्च होत असताना तिच्याकडून ब्रेकचेही काम मागितले तर दोन्ही बिघडतात. आणखी एक उपयुक्त खूण आहे. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा दूर कोठेतरी एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात. तो बिंदू आपल्याकडे जवळ येत असेल तर वळण आवळत आहे असे समजून वेग कमी करावा. तो दूर सरकत असेल तर वळण उलगडत आहे. जेवढा रस्ता दिसतो त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग ठेवावा, हा घाटातील सुवर्णनियम होय. चालकाची नजर जिकडे जाते तिकडेच वाहन जाते. म्हणून दरीकडे किंवा समोरच्या ट्रककडे न पाहता आपल्याला जावयाचे त्या वाटेकडे पाहावे.

शर्यतीची जागा कोणती?

मॅन बेटाने रस्ता बंद करण्यासाठी आधी कायदा केला, हे वर आलेच आहे. आपल्या अधिनियमाच्या कलम १८९ चा आशयही तसाच आहे. राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. रात्री महामार्गावर पैजा लावणाऱ्या तरुणांना आणि त्यांचे कौतुक करणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही तरतूद माहीत असावयास हवी. अज्ञान मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकांना तर कलम १९९-क प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

ज्यांना खरोखरच शर्यतीची आवड आहे त्यांच्यासाठी देशात योग्य जागा आहेत. मद्रासजवळ शोलावरम् येथे दुसऱ्या महायुद्धातील वापरात नसलेल्या धावपट्टीवर दीर्घकाळ शर्यती होत. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टै येथे खास मार्ग सुरू झाला. कोइमतूर येथेही असा मार्ग आहे. ग्रेटर नोइडा येथील बुद्ध मार्गावर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटारसायकलींच्या जागतिक अजिंक्यपदाची फेरी भारतात प्रथमच झाली. २०१५ मध्ये सी. एस. संतोष यांनी डकार ही अत्यंत खडतर रॅली मोटारसायकलवर पूर्ण केली आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. शर्यतीच्या मार्गावर रुग्णवाहिका असते, डॉक्टर असतात, समोरून वाहन येत नाही आणि पडल्यावर घसरत जाण्यास मोकळी जागा असते. गावच्या रस्त्यावर यांपैकी काहीच नसते.

दूरचा प्रवास

शर्यतीपेक्षा अधिक लोकांना भुरळ घालतो तो दूरचा प्रवास. पुण्या-मुंबईहून दर उन्हाळ्यात अनेक तरुण-तरुणी मोटारसायकलवर लडाखची वाट धरतात. मनालीहून लेहला जाताना बारालाचा ला आणि तांगलांग ला अशा उंच खिंडी लागतात. २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यामुळे रोहतांगची चढण टाळता येते. परंतु त्यामुळे उंचीशी जुळवून घेण्यास शरीराला मिळणारा वेळही कमी होतो. पाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. डोकेदुखी, मळमळ, धाप ही लक्षणे दिसताच वर न जाता खाली उतरणे, हाच खरा उपचार आहे.

लडाखपर्यंत न जाणाऱ्यांनाही काही पथ्ये पाळावी लागतात. दर दीड-दोन तासांनी थांबावे, रात्रीचा प्रवास टाळावा, निघण्यापूर्वी टायरमधील हवा, साखळी, ब्रेक आणि दिवे तपासावेत. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा निसरडा थर तयार होतो, त्या दिवशी विशेष जपावे. साडीचा पदर आणि ओढणी चाकात अडकून होणारे अपघात टाळण्यासाठी मागच्या चाकावर जाळी असावी. हाताला आधार आणि पायासाठी पावडी असणे नियमानेही आवश्यक आहे.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचे कार्य

अपघात टाळणे हे केवळ चालकाच्या हाती नसते. गावकऱ्यांनी स्वतःच घातलेले उंच, अरुंद आणि न रंगविलेले गतिरोधक रात्री दुचाकीस्वाराला हवेत उडवितात. ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडावयाच्या गतिरोधकासाठी भारतीय रस्ते परिषदेने ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची सुचविली आहे. त्यावर रंगाचे पट्टे आणि अलीकडे फलक हवा. ग्रामपंचायतीने गतिरोधकाची मागणी बांधकाम विभागाकडे लेखी करावी. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागे परावर्तक लावल्याशिवाय त्या गावातून बाहेर पडू नयेत, असा आग्रह साखर कारखाने आणि ट्रॅक्टरमालक यांच्याकडे धरता येईल. रस्त्यावर मळणी करणे, बांधकामाची खडी आणि वाळू टाकून ठेवणे, या सवयी ग्रामसभेत चर्चेस घ्याव्यात.

अपघात झाल्यावर मदत करणाऱ्याला पोलिसांची आणि न्यायालयाची भीती वाटते. २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १३४-क ने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले असून आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जखमीची मान न हलविता ती येईपर्यंत थांबावे, हे प्रत्येक गावात दहाजणांना तरी नीट ठाऊक असले पाहिजे.

शिक्षकांना यातून एक उत्तम प्रात्यक्षिक घेता येईल. शाळेच्या मैदानावर एका रेषेपासून २१, ४० आणि ६३ मीटरवर चुन्याने खुणा कराव्यात आणि आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना ती अंतरे चालावयास लावावीत. ही तीन वेगांची थांबण्याची अंतरे आहेत असे सांगून वर्गाचे गणित त्यांच्याकडूनच करवून घ्यावे. मैदानाची लांबी संपते आणि गाडी अद्याप थांबलेली नसते, हे एकदा पायांनी मोजले की ते विसरले जात नाही. संध्याकाळी हीच मुले घरी वडिलांना आणि थोरल्या भावाला तो हिशेब सांगतील आणि शिरस्त्राण कोठे ठेवले आहे, असेही विचारतील.